गप न बसणारे पाय

माझ्या दवाखान्यात ‘नाटक’ हा शब्द काढायला बंदी होती. तशी पाटी लावली नव्हती, पण तीर्थपुरीच्या बाजारपेठेत सगळ्यांना ठाऊक होतं. पेशंटला घेऊन आलेला माणूस ‘‘बाई, हिला काही न्हाई झालं, नुसतं नाटक हाये’’ म्हणाला, की त्याची रवानगी बाहेरच्या बाकड्यावर. मग दार लावून मी पेशंटशी बोलायचे. त्या बाकड्यावर सासवा बसल्या, नवरे बसले, एकदा एक सरपंच बसला, आणि एकदा शेजारच्या गावातला एक डॉक्टरही बसला. तो स्वतःच्या आईला घेऊन आला होता. त्यालाही सूट दिली नाही.

आता दवाखाना बंद केला आणि जालन्यात आमच्या जुन्या गल्लीत येऊन राहिले. या अंकाचे संपादक मला म्हणाले, ‘‘दिवाळीसाठी काहीतरी हलकंफुलकं लिहा. डॉक्टरांकडे गमतीजमती असतातच.’’ असतात. दोन सांगते. त्यानंतर मात्र मला जे सांगायचं आहे तेच सांगणार, आणि ते हलकंफुलकं नाही. त्या गोष्टीचा मला अजून राग येतो. तो जावा असंही मला वाटत नाही.

पहिले भोकरदनचे एक निवृत्त गुरुजी. त्यांची लेक तीर्थपुरीत दिलेली, म्हणून माझ्याकडे यायचे. शुगर जुनी. गुरुजी एसटीत कधीही बसायचे नाहीत. भोकरदनहून संभाजीनगरला जाणारी गाडी अर्धी रिकामी असली तरी हे मागच्या दाराजवळ दांडा धरून उभे. त्या मार्गावरच्या कंडक्टरने एकदा वैतागून म्हटलं, ‘‘गुरुजी, बसा ना राव. बसायचंच तिकीट फाडलंय मी.’’ गुरुजी म्हणाले, ‘‘बसलो की पिंडऱ्या नाचून राह्यल्या, बाबा. तू सांभाळशील का त्यांना?’’ सगळी गाडी हसली. गुरुजीही हसले. पण कीर्तनाला, नाटकाला, नातवाच्या बारशाला ते जात नव्हते, कारण तिथे बसावं लागतं. ते त्यांनी गाडीत सांगितलं नाही, मला सांगितलं.

दुसरा शहागडचा ढाबेवाला. हायवेवर ट्रकची रांग लागते तिथे त्याचा ढाबा. शुगर होतीच, पुढे किडन्याही कमजोर झाल्या. गल्ल्यावर खुर्ची होती, पण हा माणूस तिच्यावर बसलेला कुणी पाहिला नाही. दिवसभर टेबलांमधून फिरायचा, जेवायचासुद्धा उभ्याने. ड्रायव्हर मंडळी कौतुक करायची, ‘‘शेठ असून बसत न्हाई, म्हणून धंदा बराबर चालतो.’’ गावात मास्तर पोरांना त्याचं उदाहरण द्यायचे. तो मला म्हणाला, ‘‘बाई, कष्टाळू-बिष्टाळू काही न्हाई मी. बसलो की हाडात मुंगळे सुटतात.’’

एका पुरुषाचे पाय गप बसत नाहीत तेव्हा गाव त्याला कष्टाळू म्हणतं, दुसऱ्याला विनोदी म्हणतं. बाईचे पाय गप बसत नाहीत तेव्हा काय म्हणतं, त्याकडे येतेच आहे. आधी आजार काय ते सांगते, कारण तो बहुतेकांना ठाऊक नसतो आणि बऱ्याच घरांत असतो.

याला इंग्रजीत रेस्टलेस लेग्ज म्हणतात. पाय दुखत नाहीत, सुजत नाहीत, वरून काहीही दिसत नाही. माणूस बसला किंवा आडवा झाला, की पायांत, विशेषतः पिंडऱ्यांत, काहीतरी वळवळायला लागतं आणि पाय हलवल्याशिवाय राहवत नाही. दाबून धरले तर ती ओढ आणखी वाढते. उठून चार पावलं चाललं की थांबते, परत टेकलं की परत सुरू. दिवस कलला की जोर धरते. शुगरवाल्यांना होते, किडनी बिघडलेल्यांना होते, अंगातलं लोह आटलेल्या बायकांना तर हमखास होते. शुगरने पायांच्या नसा खराब होऊन जी आग होते, मुंग्या येतात, ते प्रकरण वेगळं. ती आग चालल्याने थांबत नाही. एकाच माणसाला दोन्ही असू शकतं, आणि मग डॉक्टरचीही गफलत होते. म्हणून मी एक प्रश्न ठरवून टाकला होता : ‘‘उठून चाललं की बरं वाटतं का?’’ हा प्रश्न विचारल्यावर कितीतरी बायका माझ्यासमोर रडल्या आहेत. इतकी वर्षं कुणी तो विचारलाच नव्हता.

उपाय आहेत. लोहाचा साठा तपासायचा, कमी असेल तर भरून काढायचा. जेवणावर लगेच चहा बंद, कारण चहा लोह अंगी लागू देत नाही. शुगर ताळ्यावर आणायची. सर्दीच्या, उलटीच्या काही गोळ्यांनी हा त्रास वाढतो, त्या डॉक्टरला विचारून बदलून घ्यायच्या. आमच्याकडे तर झोप येत नाही म्हटलं की मेडिकलवाला सर्दीची गुंगी आणणारी गोळी हातावर ठेवतो. गुंगी येते आणि पाय दुप्पट नाचतात. एवढ्याने नाही भागलं तर खास गोळ्याही आहेत. फक्त लोह भरायला वेळ लागतो. दोन-तीन महिने धरून चालावं लागतं. दोन-तीन महिने थांबणं ही आपल्याकडे अशक्य गोष्ट आहे. ऊस बारा महिने उभा ठेवतील, मोसंबीची झाडं फळाला येईपर्यंत चार-पाच वर्षं सांभाळतील, पण बाईचं औषध आठ दिवसांत लागू पडलं पाहिजे.

द्वारकाबाई तीर्थपुरीजवळच्याच एका खेड्यातली. घरची मोसंबीची बाग, घर नांदतं, काही कमी नाही. शुगर जुनी. नवरा रंगनाथराव स्वभावाने गरीब माणूस. तो तिला घेऊन आला आणि म्हणाला, ‘‘बाई, ही बसूनच न्हाई राह्यली एका जागी. रात झाली की अंगणात फेऱ्या. मानसं इचारतात, काय बाधा-बिधा झाली का म्हणून. आमी दोन-तीन दवाखाने करून आल्तो. समदे म्हणतात पायाला काही न्हाई.’’

‘नाटक’ म्हणाला नाही, म्हणून त्याला आत बसू दिलं.

द्वारकाबाई स्टुलावर बसून साडीच्या निऱ्यांआड पाय हलवत होती. मी पाहिलं तसे तिने ते दोन्ही हातांनी दाबून धरले. तिला वाटलं मी रागावणार. बसल्याजागी पाय हलवले की घरातली लक्ष्मी जाते, हे तिला लहानपणी आईने चापट मारून शिकवलेलं आणि लग्नानंतर सासूने टोमणे मारून. मी म्हटलं, ‘‘हलवा. खुशाल हलवा. पाय हलवल्याने जाणारी लक्ष्मी असेल तर जाऊ द्या तिला.’’ तेव्हा ती पहिल्यांदा हसली.

मी विचारलं, ‘‘चाललं की बरं वाटतं?’’

‘‘चालते तवर बिलकुल काही न्हाई वो बाई. टेकले की सुरू. असं वाटतंय पाय काढून ठिवावा बाजूला.’’

‘‘कुणी दाबून देतं का?’’

‘‘लेक हाये तवर देती. ह्यांनी हात लावला तर मलाच पाप लागल.’’ रंगनाथरावाने मान खाली घातली. याने कितीदा तरी पाय दाबायची तयारी दाखवली असणार आणि हिने त्याला लांब केलं असणार. सासऱ्याचे पाय हिने वर्षानुवर्षं चेपले. हिचे पाय चेपायचं शास्त्रात कुणाच्या वाट्याला आलेलं नाही. असल्या शास्त्राला काडी लावावी.

तपासण्या केल्या. लोहाचा साठा जवळजवळ संपलेला. आणखी एक गोष्ट सापडली, तीच पुढे महत्त्वाची ठरली. मी तिच्या तळपायाला दोरा लावला, टोचून पाहिलं, गरम-गार लावून पाहिलं. दोन्ही तळपाय बधिर. शुगरने तिथली जाणीव मारून टाकली होती. म्हणजे पिंडरीत वळवळ आणि तळव्याला काही कळत नाही, असे दोन आजार एकाच पायात. मी दोघांनाही समोर बसवून सांगितलं : अनवाणी चालायचं नाही, रोज रात्री तळवे बघायचे, पायाला शेक-चटका-लेप काहीही लावायचं नाही. तिला कळणारच नाही भाजलं तरी. रंगनाथरावाने मान डोलावली. झोपेसाठी ती घेत होती ती मेडिकलवाल्याची गोळी बंद केली, लोह सुरू केलं आणि म्हटलं, आता धीर धरा.

धीर धरता आला नाही, कारण वैशाखात लेकीचं लग्न होतं.

लग्नात वधूच्या आईला बसावं लागतं. देवक बसवायला पाटावर, हळदीला पाटावर, कन्यादानाला, होमाला नवऱ्याच्या शेजारी पाटावर. त्यातून मुहूर्त गोरज, म्हणजे संध्याकाळचा, नेमकी वळवळ जोर धरते ती वेळ. देवक आणि मांडवात येणारी सगळी भावकी यांच्यासमोर द्वारकाबाईला पाय न हलवता बसायचं होतं. व्याह्यांकडचे लोक बघणार, व्हिडिओवाला बघणार. सासरच्यांनी म्हणू नये की मुलीची आई अशी चुळबुळी आहे, हिच्या अंगात काही आहे, मुलीच्याही असेल. ही तिची भीती. पायाच्या त्रासापेक्षा ती मोठी होती. ती माझ्याकडे येऊन म्हणाली, ‘‘बाई, फक्त त्या दिवसापुरते माझे पाय बांधून द्या.’’

मी म्हटलं, पाय बांधायची गरज नाही. लग्न लावणाऱ्या गुरुजींचा नंबर घेतला आणि तिच्यासमोर फोन लावला. गुरुजी समंजस निघाले. म्हणाले, पाटाऐवजी खुर्ची चालेल, मधून उठल्या तरी चालेल, अगदी त्रास झाला तर यजमान एकटे संकल्प करतील, बाईंनी येऊन त्यांच्या उपरण्याला हात लावला की झालं. म्हणजे देवाची हरकत नव्हती, धर्माची हरकत नव्हती. हरकत होती भावकीची. आणि भावकीच्या पुढे उभी होती रंगनाथरावाची थोरली बहीण, गयाबाई.

गयाबाई आठ दिवस आधी माहेरच्या कार्याला येऊन बसली. वाईट बाई नव्हे, असं सगळे म्हणतात. मीही म्हणायचा प्रयत्न केला, जमलं नाही. खुर्चीचं ऐकून ती म्हणाली, ‘‘खुर्चीवर बसून कन्यादान? सभा हाये का ती? माझ्या भावाचं तोंड काळं करू नका.’’ आणि तिने उपाय काढला : बिब्बा.

शहरातल्या वाचकांसाठी सांगते. बिब्बा हे काळं फळ. सुईला टोचून दिव्यावर धरलं की त्यातून काळं तेल सुटतं. काटा मोडला, टाच फुटली, पाय दुखला की आमच्याकडे त्याचा चटका देतात. ते तेल कातडी जाळतं. कित्येकांना तो उततो, म्हणजे अंगभर फोड येऊन सुजतं. धडधाकट माणूस पहिल्या टिपक्याला ओरडतो आणि पाय ओढून घेतो, म्हणून बहुतेक वेळा निभावतं.

द्वारकाबाई ओरडली नाही. ओरडणार कशी? गयाबाईने देवकाच्या आदल्या दिवशी दोन्ही तळव्यांना, टाचेपासून बोटांपर्यंत, टिपके दिले. एकदा देऊन हिने हूं की चूं केलं नाही म्हणून दुसऱ्यांदा दिले. घरभर पाहुण्या बायका जमल्या होत्या. एक म्हणाली, ‘‘काय धीराची हाये.’’ मला हे नंतर कळलं तेव्हा मी टेबलावरचा पेपरवेट भिंतीवर मारला. अजून त्या भिंतीचा पोपडा निघालेला आहे.

रंगनाथराव तिथे होता का? होता. त्याने सांगितलं का, की डॉक्टरबाईने चटका देऊ नका म्हटलंय? सांगितलं. हळू आवाजात सांगितलं. थोरल्या बहिणीपुढे त्याचा आवाज कधी मोठा झाला नाही, तो त्या दिवशी होईल कसा. आणि द्वारकाबाई? ती स्वतः म्हणाली, ‘‘देऊ द्या. लग्नापुरते तर पाय गप ऱ्हातील.’’ लोक मला विचारतात, तिनेच पाय पुढे केला तर दुसऱ्यांना का बोलता? म्हणून बोलते, की तिला तो पुढे करावा लागला.

फोड आले. हळदीच्या दिवशी त्यावर हळद लागली. लग्नाच्या दिवशी मांडवात अनवाणी. मला आमंत्रण होतं, मी गेले होते. ती पाटावर बसलेली मी लांबून पाहिली. पाय साडीत गुरफटलेले, पदराचा कोपरा दातात, कपाळावर घाम. होम संपेपर्यंत हलली नाही. मला वाटलं, औषध लागू पडायला लागलं. मनातून बरं वाटलं. गयाबाई मांडवात सगळ्यांना सांगत फिरत होती, ‘‘पाहा, कशी बराबर बसली.’’ कशाने ते मला कुणी सांगितलं नाही. जेवून मी निघाले.

वरात गेली. जखम चिघळायला लागली, वास यायला लागला. तरी दवाखाना नाही. का? तर लेक पाचपरतावण्याला माहेरी यायची होती, आणि ती येऊन परत जाईपर्यंत आईने घर सोडायचं नाही. त्यात लग्नाच्या उरलेल्या गोडधोडाने शुगर चढलेली. लेक आली, तिने आईच्या पायाला गुंडाळलेलं फडकं सोडलं आणि त्याच पावली रिक्षा करून तिला माझ्याकडे आणलं. सगळ्या घरात शहाणी तीच, हातावरची मेंदी अजून उतरली नव्हती. उजवा पाय घोट्यापर्यंत काळा-निळा झाला होता. मी रंगनाथरावाला नको नको ते बोलले. तो उभ्या उभ्या रडला. त्याचा मला तेव्हा आणखी राग आला, आता थोडी कीव येते. त्याच दिवशी तिला संभाजीनगरला पाठवलं. डावा पाय वाचला, उजवा गुडघ्याखाली काढावा लागला.

पुढे लोह पुरतं भरल्यावर आणि एका गोळीची जोड दिल्यावर तिला झोप लागायला लागली, हे इथेच सांगून टाकते. नाहीतर शेवट गोड होईल या आशेवर कुणी वाचत राहायचं. ही झोप तिला दोन पायांवर मिळाली असती. नुसतं थांबायचं होतं.

ऑपरेशननंतर ती घरी आली, तेव्हा मी ड्रेसिंग बघायला तिच्या घरी गेले. खोलीत तिच्या पलंगाभोवती भेटायला आलेल्या बायका होत्या, रंगनाथराव कोपऱ्यात उभा होता. पाय तुटलेल्या बाईला बघायला गर्दी होते, पाय हलत होते तेव्हा कुणी आलं नाही. गयाबाई उशाशी बसून तिच्या डोक्यावरून हात फिरवत होती. प्रेमानेच फिरवत होती, ते मला नाकारता येत नाही. म्हणाली, ‘‘जाऊ द्या वयनी. पाय गेला, पण त्याच्यासंगं ते वळवळणंबी गेलं. आता निवांत एका जागी बसा.’’

बायकांनी माना डोलावल्या.

द्वारकाबाई माझ्याकडे बघत होती. पलंगावर उजव्या बाजूला जिथे चादर सपाट होती, तिथे तिने हात ठेवला आणि हळूच म्हणाली, ‘‘बाई, ते न्हाई गेलं. जो पाय न्हाई, त्याच्यातबी तसंच व्हून राह्यलं. पह्यले उठून चालले की थांबायचं. आता कशानं चालू?’’

असं होतं. पाय जातो, पण मेंदूला तो गेलेला कळत नाही. मला ते पुस्तकातून माहीत होतं.

बायका चपापल्या. एक पदर सावरत उठली, ‘‘चला, स्वयपाक राह्यलाय’’ म्हणत दुसरी उठली. गयाबाईही उशापासून उठायला लागली. मी दारात जाऊन उभी राहिले.

‘‘बसा,’’ म्हटलं. ‘‘सगळ्या बसा. कुणी जागचं हलायचं नाही.’’

माझा आवाज असा लागला होता की त्या बसल्या. गयाबाईही बसली. मग मी द्वारकाबाईला म्हटलं, ‘‘आता परत सांगा. ह्या सगळ्यांना ऐकू येईल असं सांगा.’’

तिने आधी नणंदेकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. मग परत सांगितलं, पहिल्यापेक्षा मोठ्याने.